माह्यंबी खोडा
लिहायचा सराव कसा करायचा, विचारता? सालेकसाला मास्तर होतो, तेव्हा मी लोकांचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घ्यायचो. एकदा तलावाच्या पाळीवर दोन सख्खे भाऊ भांडत होते, धानाला आधी पाणी कोणी घ्यायचं म्हणून. मी लिहीत बसलो.

थोरल्यानं पाहिलं. “काय लिहून राहिले, गुरुजी? वाचा बरं.”

मी वाचलं. थोरला म्हणाला होता, ‘आजपासून तू माहा भाऊ नाही.’ धाकटा म्हणाला होता, ‘तू मेला तरी तुह्या दारात पाय नाही ठेवणार.’

मग धाकटा खाली बघत म्हणाला, “गुरुजी, माह्यं तेवढं खोडा.”

थोरला म्हणाला, “माह्यंबी खोडा.”

मी सगळंच खोडलं. कथा काही हाती लागली नाही, पण दोघं बोलत बोलत घरी गेले.