बोलायला काय जातं!

...नाही, पण चूक माझी कशी? मी तर चार पानी भाषण लिहिलं होतं हो! फुलस्केप, पाठपोट! पंच्याण्णव साली बोळिंजला फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डर म्हणाला, "काका, चोवीस तास पाणी!" आज दोन हजार दोन उजाडलं, अजून टँकर, तोही दोन-दोन दिवस उशिरा! त्यात गेल्या आठवड्यात सोसायटीत मतं मागायला संग्रामशेठ येणार होते, म्हणून सगळे माझ्याच मागे, "भालचंद्रराव, तुम्ही बोला. तुम्ही रिटायर्ड, तुमचं कोण काय वाकडं करणार?" म्हटलं, बोलतो की! लोकशाही आहे, बोलायला काय जातं?

शेठ आले. कडक इस्त्री, मागे सहा माणसं. टँकरही त्यांचेच, हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक. बसल्या बसल्या विचारलं, "काय, पाण्याचं बरंय ना?" आणि आमचे सेक्रेटरी जितेंद्र, जे आदल्या दिवशी मुठी आपटत होते, ते म्हणतात काय... "एकदम छान, शेठ!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठलो, घसा खाकरला, आणि तुम्हाला सांगतो, तोंडातून निघालं काय, तर... "शेठ, चहा घेणार ना?"

चहा आणला यमुनाने. शेजारच्या गावातली, आमच्या बिल्डिंगमध्ये सात घरची धुणीभांडी करते. तिने ट्रे ठेवला, पदर खोचला आणि सरळ म्हणाली, "शेट, तुमचे टँकर आमच्या बावडीचं पानी उपसून नेतात. बावडी तळाला गेली. आमी काय प्यायचं?"

संपलं! एवढंच! चार पानं नाहीत, काही नाही! शेठचा कप तसाच हवेत. आणि मी? सात वर्षं मी तिच्या विहिरीच्या पाण्याने आंघोळ करतोय, आणि माझ्या भाषणात मागणी काय, तर टँकर वेळेवर पाठवा! लाज वाटली हो.

दुसऱ्या दिवशी कमिटीचा हुकूम, यमुनाला गेटच्या आत घ्यायचं नाही. "पाहुण्यांचा अपमान केला!" एका वाक्यात सात घरं गेली तिची! आणि मी म्हणत होतो, बोलायला काय जातं!

आमची बायको, यशोदा, भाजी निवडता निवडता म्हणाली, "टीव्हीवरच्या पुढाऱ्यांशी रोज भांडता ना? मग जा की आता, खाली ऑफिसात बोला." गेलो. आणि बोललो, "तिने विचारलं ते मी विचारायला हवं होतं. तिला काढत असाल तर मलाही काढा!" जितेंद्र उठले... म्हटलं, आता संपलो. तर म्हणतात, "वा, भालचंद्रराव! काय बोललात! बसा, सरबत घ्या!" बघा आता! ती बोलली तर सात घरं बंद, मी बोललो तर कोकम सरबत! त्यांतली चार घरं उघडली पुन्हा, तीन नाहीच.

हे सांगायला मोठ्या ऐटीत तिच्या गावी गेलो. ती म्हणाली, "बरं केलंत, काका. रविवारी आमच्या गावात सभा हाय, पान्याची. या तुमी. पन बोलू नका हां, निस्तं ऐका."

मी! ऐकायचं! दोन तास सतरंजीवर बसलो, गुडघे धरून. एक म्हातारी बोलली, एका पोरीने दोन मैलांवरून हंडा कसा आणते ते सांगितलं, माझं मत कोणी म्हणजे कोणी विचारलं नाही. शेवटी ठराव आला, गुरुवारपासून गावात एकही टँकर शिरू द्यायचा नाही. "पटत असंल त्यांनी हात वर करा!" सगळे हात वर. यमुनाने वळून माझ्याकडे पाहिलं. आणि खरं सांगतो, मनापासून केला हो मी हात वर! छाती भरून आली!

आज बुधवार. घरी अजून अवाक्षर काढलेलं नाही. आत्ता सांगावं म्हणून धीर करून आत गेलो... तर यशोदेने, उद्या टँकर येणारच म्हणून, पिंपातल्या शेवटच्या पाण्यात घरातल्या सगळ्या गोधड्या भिजत घातल्यात!