नळाकडे गेलेला हात

जबाब, दिनांक ११ फेब्रुवारी १९८४

मी नामे इंदूबाई देवाजी सोमकुंवर, वय अंदाजे बेचाळीस वर्षे, धर्म बौद्ध, धंदा कळमना बाजारात मिरचीचे देठ खुडणे, राहणार भाड्याची खोली, वाडी, अमरावती रोड, नागपूर. ठाण्यात बसवून मला विचारण्यात आले, त्यावरून तोंडी सांगते ते असे:

मी वरील ठिकाणी माझी मुलगी उत्तरा हिच्यासह राहते. मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. माझे पती देवाजी हे वाडीच्या एका गोदामात हमाली करत. सन १९७१ च्या उन्हाळ्यात, बुद्ध पौर्णिमेच्या आधी, ते माल उतरवायला एका ट्रकसोबत मध्य प्रदेशात गेले, ते परत आले नाहीत. ट्रकवाल्याने सांगितले की वाटेत ताप चढला म्हणून त्यांना जंक्शनवर नागपूरच्या गाडीसाठी सोडून दिले. स्टेशनचे नाव त्या वेळी मी दिलेल्या हरवल्याच्या खबरीत आहे. मी स्वतः तिथे जाऊन आले. हमालांना विचारले, दवाखान्यात विचारले, स्टेशनच्या पोलिसांना विचारले. कोणाला काही ठाऊक नव्हते. लोक म्हणतात, दुसरी करून बसला असेल. म्हणू द्या, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार.

काल संध्याकाळी विद्यापीठाच्या सभागृहात मुंबईचे माहितीपट काढणारे श्री. कृष्णकांत देवस्थळी यांचे जाहीर व्याख्यान होते. ज्याला यायचे त्याने यावे, असे होते. माहितीपट म्हणजे खऱ्या माणसांचा सिनेमा, हे मला मुलीने सांगितले. माझी जायची मुळीच इच्छा नव्हती. मिरचीने हातांची आग होत होती. पण मुलगी हट्टाला पेटली, की माय, तू कधी माझ्यासंगं कुठं येत नाही. म्हणून गेले. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो.

साहेब चांगले बोलत होते, खोटे काहून सांगू. आवाज मऊ होता. ते म्हणाले, माहितीपट काढणाऱ्याने मधे पडायचे नसते. जे घडते ते घडू द्यायचे, आपण फक्त पाहायचे. मग त्यांनी आपला सिनेमा दाखवला. रेल्वे स्टेशन होते, ऊन रखरखत होते. फलाटावर पाण्याचा नळ होता आणि लोक सुरया भरून घेत होते. नळाच्या बाजूला खांबाला टेकून एक माणूस पडला होता. लोक त्याला ओलांडून जात होते. बराच वेळ तो मान टाकूनच होता. मग त्याने हात उचलला आणि अर्धी उघडी मूठ दोनदा नळाकडे वळवली.

मी ओळखले. चेहरा आधी नाही ओळखला, दाढी वाढली होती. हात ओळखला. माझे पती घरी कधी तोंडाने पाणी मागत नसत. जेवताना माठाकडे असाच हात करायचे आणि मी चिडायचे, की जीभ झिजते का, मी काय तुमची मोलकरीण आहे. मग चेहराही ओळखू आला. मी मुलीचे मनगट इतके दाबले की ती कळवळली. काय झालं माय, असे तिने विचारले. मी म्हटले, "तो तुहा बाप होय." ती पडद्याकडे पाहतच राहिली. बाप गेला तेव्हा ती लहान होती, तिला त्याचा चेहरा नीट आठवत नाही.

तेवढ्यात सिनेमा संपला आणि दिवे लागले. साहेबांनी सांगितले की त्या दिवशी दुपारभर ते कॅमेरा घेऊन वेटिंग रूमच्या दाराआड उभे होते. कोणी एक तरी वाकून विचारतो का, हे त्यांना पाहायचे होते. कोणीही विचारले नाही. तो उचललेला हात म्हणजे आपल्या समाजाला केलेला प्रश्न आहे, असे ते म्हणाले. त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. अशा गोष्टीला टाळ्या वाजवतात, हे मला माहीत नव्हते. मी अडाणी असेन.

कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा, असे म्हटल्यावर मी उठले. मी म्हणाले, "साहेब, त्याचं नाव देवाजी सोमकुंवर. तो माहा नवरा होय. तो प्रश्न नाही विचारून राह्यला, पाणी मांगून राह्यला. तुम्ही तं दुपारभर तिथं होते नं? मंग तुम्हीच काहून नाही पाजलं?"

साहेबांचा चेहरा उतरला. ते चष्मा काढून पुसत राहिले. माणूस उर्मट असता तर बरे झाले असते, मला शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "बाई, मी पाणी दिलं असतं तर हे दृश्य राहिलं नसतं."

मी म्हटले, पुढचे दाखवा. ते म्हणाले, पुढचे नाही. उजेड कमी झाला, त्यांची गाडीही लागली, म्हणून कॅमेरा बंद करून ते निघाले. तेव्हा तो जिवंत होता का, असे मी विचारले. होता, असे त्यांनी सांगितले. हात हलत होता.

त्यानंतर मी सिनेमा दाखवायच्या मशीनजवळ गेले आणि त्या सिनेमाच्या रिळाचा डबा पदरात घेऊन खाली बसले, हे खरे आहे. प्राध्यापक लोकांनी समजावले, तरी मी तो दिला नाही. मी कोणाला मारले नाही, काही फोडले नाही. मुलगी माझ्याजवळ बसून रडत होती. मग पोलिसांना बोलावण्यात आले. डबा आता आपल्या टेबलावर आहे. माझ्याविरुद्ध तक्रार नाही, असे देवस्थळी साहेब लिहून देऊन गेले आहेत, पण डबा त्यांना परत पाहिजे. त्यांना आणखी कुठे तरी तो दाखवायचा आहे.

माझी तक्रार काय, असे मला विचारण्यात आले. माझी तक्रार अशी की माणूस जिवंत असताना त्याला तसेच पडू दिले. जमादार साहेबांनी सांगितले की पाणी न पाजल्याचे कलम नाही. मग मी म्हटले, निदान त्या स्टेशनच्या पोलिसांना लिहा, त्या दिवसांत फलाटावरून कोणाला उचलले, दवाखान्यात नेले की पुरले की जाळले. त्यावर ते म्हणाले, इतक्या वर्षांनी बेवारस माणसाचा पत्ता कसा लागायचा बाई. बेवारस कसा? मी होते ना. लेकरू होते. आम्ही इथे रोज त्याच्या वाटणीची भाकर बाजूला ठेवत होतो.

जबाब मला मराठीत वाचून दाखवण्यात आला. मी सांगितला तसाच तो लिहिला आहे, एक जागा सोडून. सुरुवातीला "माझे मयत पती" असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. जमादार साहेब म्हणाले, आता समजून घ्या बाई. मी म्हटले, "मरताना त्याले कोणी पाह्यलं? पाहणारा होता एक, तो गाडीत बसून निघून गेला. खोडा." मग त्यांनी ते खोडले. त्या खोडलेल्या जागेपाशी माझा डाव्या हाताचा अंगठा घेतला आहे, आणि दुसरा इथे खाली.