भिवराबाईचं बोट

रामकिशन : आबाला ओवी मंडळानं ढोलावरून काढलं. सर्वानुमते.

शिवकन्या : कधी?

रामकिशन : काय कधी?

शिवकन्या : काढलं म्हणलात की आत्ता, काका.

रामकिशन : मी काय म्हणलोच न्हाई. बैठक झाली न्हाई, ठराव झाला न्हाई, आन् सूचक मी नव्हतो. उद्याची यात्रा होऊ दे, मग तुझ्या आज्ज्याला सावकाश सांगू.

शिवकन्या : आबा समोरच बाजेवर बसलेत.

रामकिशन : बसू दे. कानाजवळ रेल्वे गेली तरी कळायचं न्हाई त्याला.

सटवाजी : रामकिशन, तोंड लय हालायलंय तुझं. जन्मदात्या बापाबद्दल असंल तर इकडं बघून बोल. ओठ दिसले की मला निम्मं कळतंय. उरलेलं निम्मं तू तसंबी कामाचं बोलत न्हाईस.

शिवकन्या : काका, कामून काढलं ते तरी सांगा. पट्टा बांधल्यापासून आबाचा ठेका चुकतोय का?

रामकिशन : तिथंच घोटाळा हाय. काय नाव त्या पट्ट्याचं?

शिवकन्या : मेट्रोनोम. ठेका धरणारं यंत्र. आवाज करत न्हाई, मनगटाला थरथर देतंय. माझी मैत्रीण अर्पिता परभणीला तबला शिकायलीय, तिचं हाय. ऐकू न येणाऱ्यालाबी ठेका कळावा म्हणून मी मागून आणलं.

रामकिशन : कळला की. कालच्या तालमीत गड्यानं यंत्राबरहुकूम वाजवलं. एक ठोका इकडचा तिकडं न्हाई. तो एकटा बिलकूल बरोबर, आन् बाकीचं सगळं मंडळ चुकलं.

शिवकन्या : म्हणून बरोबर वाजवणाऱ्याला काढलं.

रामकिशन : मग काय मंडळाला काढावं? आपली ओवी म्हंजे घड्याळ न्हाई, पोरी. गाणारा दम खातो, मधीच पळतो, तंबाखू थुकायला थांबतो. यंत्र थांबतंय का? लोक आमच्याकडं असे बघायले, जसं आमीच बहिरे.

शिवकन्या : यंत्राचा ठेका मी सकाळीच बंद केलाय. आता ठोका फोनवरून येतोय. पडद्यावर बोट ठोकलं की तसाच ठोका पट्ट्यात.

रामकिशन : बोट कुणाचं?

शिवकन्या : शेळ्यांच्या वाड्याकडं बघा.

रामकिशन : माय? तिला फोन उचलायला येत न्हाई.

शिवकन्या : उचलायचा न्हाई, ठोकायचा हाय. गाणं पळालं की आजी पळती, दम खाल्ला की आजी थांबती. यात्रेत ती गाणाऱ्याच्या बाजूला बसंल, आबा ढोलावर. झालं.

रामकिशन : शेळ्यांत बसून माय यंत्र चालवायलीय. हे मी मंडळाला कोणत्या तोंडानं सांगू?

सटवाजी : त्याला सांगू नको, शिवकन्ये. हा पट्टा सोड आन् त्याच्या हाताला बांध.

रामकिशन : मला नको. करंट लागंल.

शिवकन्या : आणा इकडं हात.

(पट्टा रामकिशनच्या मनगटावर. वाड्यातून भिवराबाईची ओवी येते.)

शिवकन्या : लागलं का काही? काका?

रामकिशन : जरा बोलू नको.

सटवाजी : लागलंय. तोंड बघ त्याचं.

रामकिशन : पोरी... मी लहानपणी तापानं फणफणलो की माय पाठीवर थोपटायची. दोन थोप, मग जरा थांबून तिसरी. मधी कामून थांबायची, कधी इचारलं न्हाई. हे तसंच थांबायलंय.

शिवकन्या : मधी शेळी ढकलती ती.

रामकिशन : तवाबी शेळीच असंल. पण तिकडं ती, इकडं मी, मधी एवढं अंगण. आन् हात पाठीवरच हाय.

सटवाजी : कान गेल्यापासून मी तिचं गाणं नुसतं बघत व्हतो. तोंड उघडायचं, मिटायचं. येलदरी धरणाच्या पाण्यातून काढलेला मासा करतो तसं. आज सकाळी पट्ट्यात तिचं बोट आलं, आन् मासा गायला लागला, माझ्या मनगटात. मी ढोल बाजूला ठेवून हात वर धरून बसलो. शेजारचा महारुद्र म्हणला, सटवाजीला लकवा मारला.

रामकिशन : ठराव रद्द.

शिवकन्या : कोणता ठराव?

रामकिशन : झालाच न्हाई तो. उद्या ढोल आबाचा. पण एक सांगतो, यंदाचं भागंल. मायचं वय बघ. उद्या तिचंच काय बरंवाईट झालं, तर ह्या पट्ट्यात कोण—

शिवकन्या : हळू. आबाचं लक्ष तुमच्या ओठांकडं हाय.

सटवाजी : दिसलं. ह्या खेपेला निम्मं न्हाई, सगळं दिसलं. शिवकन्ये, कागद घे. अर्ज करायचाय.

शिवकन्या : कुणाला?

सटवाजी : प्रति, माननीय तहसीलदार साहेब, जिंतूर.

रामकिशन : आबा, तहसीलदार काय करणार ह्याच्यात?

सटवाजी : त्याच्या वरच्याचा पत्ता मला मालूम न्हाई. लिही, पोरी. विषय, वर जाण्याच्या नंबराबाबत.

शिवकन्या : ...लिहिलं. पुढं?

सटवाजी : महोदय, अर्जदार दोन्ही कानांनी बहिरा असून त्याचा ठेका पत्नी भिवराबाई यांच्या बोटात आहे. तरी सदर बाईंच्या अगोदर अर्जदाराचा नंबर लावण्यात यावा, ही नम्र विनंती.