लॅमिनेट केलेली चिठ्ठी

(अण्णा नगरमधला त्वचारोगाचा दवाखाना, सकाळी साडेअकराची वेळ. डॉक्टर हरिप्रिया पिशवी पाहिल्याशिवाय पेशंटचा चेहरा पाहत नाहीत. तोंडाला लागतं ते सगळं घरून आणायचं, हा त्यांचा शिरस्ता. आज टेबलावरच्या वर्तमानपत्रावर सावनीच्या तेवीस बाटल्या, ट्यूबा आणि डब्या ओतल्या आहेत. सावनी मूळची सांगलीची, इथं आयटीत. शेजारी तिच्या सासूबाई चंद्रिका, तंजावरच्या जुन्या मराठी घरातल्या; डॉक्टर त्यांना इकडच्या रीतीने ‘मामी’ म्हणतात.)

हरिप्रिया: आणि ह्यात केस आहे.

सावनी: कुठे?

हरिप्रिया: हा काय. पांढरा, लांब. तुमचा नाही.

चंद्रिका: माझा असेल. मीही बोट घालितें कधीं. एका घरांत काय तुझें नि माझें.

सावनी: आई, काय हे.

हरिप्रिया: वास बघा. खवट तेलाचा. मुळात काय होतं हे?

सावनी: नाइट क्रीम. महागाचं होतं, टाकवेना.

हरिप्रिया: कधी घेतलेलं?

सावनी: लग्नाआधी.

हरिप्रिया: म्हणजे?

सावनी: सहा वर्षं झाली.

हरिप्रिया: सहा वर्षांचं पिठलं खाल?

सावनी: नाही हो.

हरिप्रिया: मग तोंडाला कसं चालतं? टोपलीत टाका. तुम्हीच टाका. हातात ग्लव्हज आहेत, तरी मला किळस येतेय. आता हे आठ बघू. एकाच दुकानातले दिसतात.

सावनी: टी. नगरचं दुकान आहे. तिथे एक्स्पर्ट बसतात, पांढरा कोट घालून. एका मशीनमध्ये तोंड घालायला लावलं, निळा उजेड पडला आणि स्क्रीनवर माझा चेहरा आला. भोकंच भोकं. ती म्हणाली, मॅडम, तुमच्या स्किनचं वय शेहेचाळीस आहे.

हरिप्रिया: तुमचं किती?

सावनी: तेहेतीस.

हरिप्रिया: त्या उजेडात ताजी इडलीसुद्धा कुजलेली दिसते. ती मुलगी शिकली काय होती, विचारलंत?

सावनी: अंगात कोट होता ना.

हरिप्रिया: कोट खालच्या सलूनवाल्याच्याही अंगात असतो. बरं, त्रास काय होतो ते सांगा.

सावनी: मेट्रोतून उतरून ऑफिसपर्यंत सात मिनिटं चालते, तेवढ्यात तोंड भाजून निघतं. साधं पाणी झोंबतं. गालांवर लव आलीये, दाट. पुळ्या जात नाहीत. मीटिंगला कॅमेरा बंद ठेवते, ते जाऊ दे. पण माझी मुलगी आहे, कमलिनी. पणजीचं नाव ठेवलंय, आम्ही कमू म्हणतो. पाच वर्षांची आहे. झोपताना माझ्या गालाला गाल लावायची. आता लावत नाही. म्हणते, आई, तुझा गाल तव्यासारखा लागतो. मला तेवढं परत हवंय, डॉक्टर. गोरं-बिरं काही नको.

हरिप्रिया: गोरं नको? ह्या तेवीसांपैकी अकरा तर गोरं करायच्याच आहेत.

सावनी: आता नको म्हणतेय.

चंद्रिका: पैशाचा नास. मी किती वेळां सांगितलें, सावनी, आपलें घरचें असतां दुकान कशाला.

हरिप्रिया: घरचं कुठलं, मामी?

चंद्रिका: ती डबी. कुंकवाची, लहान.

हरिप्रिया: ही? ह्यावर काहीच लिहिलेलं नाही.

सावनी: ते राहू दे, डॉक्टर. ते बरोबर आहे. ह्या सगळ्यात तेवढं एकच डॉक्टरांनी लिहून दिलेलं आहे.

हरिप्रिया: कुठल्या डॉक्टरांनी?

सावनी: ते आईंना माहीत. मला त्याच देतात.

चंद्रिका: ट्यूब दाबून दाबून फुटते, म्हणून मी डबींत काढून देतें. आणि चिठ्ठी आहे. ही पाहा. आमच्या ह्यांनी लॅमिनेट करवून ठेविली. रेल्वेंत हेडक्लार्क होते, एक कागद फाटूं देत नाहींत.

हरिप्रिया: द्या इकडे.

चंद्रिका: मोठे डॉक्टर होते. एग्मोरला बसत. आतां नाहींत.

हरिप्रिया: सावनी, ही चिठ्ठी तुम्ही कधी वाचलीत?

सावनी: नाही. डॉक्टरांचं अक्षर कुणाला लागतं?

हरिप्रिया: ह्यांचं चांगलं आहे. वाचते. गुरुमूर्ती राव. पुरुष. वय एकसष्ट. नायटा, दोन्ही जांघा. सकाळ-संध्याकाळ लावणे, पंधरा दिवस. नंतर बंद. ‘बंद’च्या खाली दोन रेघा मारल्यात.

सावनी: जांघा?

हरिप्रिया: जांघा.

सावनी: बाबांच्या?

चंद्रिका: एवढ्या मोठ्यानें काय बोलायचें तें.

सावनी: आई, मी चार वर्षं बाबांच्या जांघेचं मलम तोंडाला लावतेय?

चंद्रिका: चर्म तें चर्म. तेथला काळा डाग पंधरा दिवसांत गेला. मी म्हटलें, तोंडावरचाही जाईल. गेला की नाहीं? तूंच म्हणालीस, आई, काय ग्लो आलाय.

सावनी: ऑफिसमध्ये तिघींना दिलंय मी हे. फॅमिली डॉक्टरचं आहे म्हणून. अरे देवा. मला आत्ताच्या आत्ता तोंड धुवायचंय.

हरिप्रिया: बेसिन त्या बाजूला. तोंडावर नुसतं पाणी मारा, साबण नको. आणि त्या तिघींना इथूनच मेसेज करायचा.

चंद्रिका: एवढें काय झालें? मी कोणा कोटवालीचें ऐकलें नाहीं. डॉक्टरनें लिहिलें तेंच आणिलें. तुम्हीच सांगतां ना, डॉक्टरचें ऐका?

हरिप्रिया: डॉक्टरने एका माणसाला, एका जागेसाठी, पंधरा दिवस लिहिलं. तुम्ही ते कुलाचारासारखं चालवलंत. ह्या चिठ्ठीवर सात वर्षांपूर्वीची तारीख आहे. औषधाच्या दुकानात कुणी काही विचारत नाही?

चंद्रिका: तो तर मज पाहूनच ट्यूब काढितो. ओळखीचा आहे. चिठ्ठीही मागत नाहीं.

हरिप्रिया: छान. एकापेक्षा एक आहात सगळे. सावनी, बसा. ह्या मलमात तीव्र स्टिरॉइड आहे. आठ दिवसांत चेहरा उजळतो, तुम्हाला वाटतं जिंकलो. मग कातडी पातळ होत जाते. कांद्याचा पापुद्रा असतो तशी. मग लव येते, पुळ्या येतात, ऊन सोसत नाही. बंद करून पाहिलं होतं?

सावनी: दोन दिवस. तोंड पेटल्यासारखं झालं, म्हणून परत लावलं.

हरिप्रिया: आणि लावलं की गार वाटलं.

सावनी: हो. मला वाटायचं, हेच एक औषध मला लागू पडतं. बाकी तेवीस वस्तू मी त्याने झालेलं निस्तरायला घेतल्या की काय?

हरिप्रिया: बावीस. तेविसावी हीच. मामी, तुम्ही तोंडाची पावडर पुसा.

चंद्रिका: माझें काय काम? पेशंट ती.

हरिप्रिया: हा कापूस घ्या. पुसा.

चंद्रिका: नको, डॉक्टरअम्मा.

सावनी: आई, पुसा ना. मी पुसू?

चंद्रिका: तूं नको. मी पुसतें. घ्या, पाहा. झालें समाधान?

सावनी: अगं बाई. ह्या लाल रेषा कसल्या? सगळीकडे? मी सहा वर्षं तुमच्या घरात राहतेय, मला कधी दिसल्या नाहीत.

हरिप्रिया: शिरा आहेत त्या. वरची कातडी उरलीच नाही. मामी, आग होते?

चंद्रिका: पूजेला बसलें कीं समईची धग लागते. दूर सरून बसतें. मी म्हटलें, वय झालें.

हरिप्रिया: कुणाला बोलला नाहीत?

चंद्रिका: काय बोलूं? आमचे हे म्हणतील, म्हातारपणीं हिला नटायचें आहे.

हरिप्रिया: बरं. आता नीट उत्तर द्या. घरात अजून कोण लावतं हे?

सावनी: अजून कोणी नाही. माझा नवरा तोंडाला तेलसुद्धा लावत नाही. बाबांचा नायटा केव्हाच बरा झाला.

हरिप्रिया: मी मामींना विचारतेय.

चंद्रिका: ऊन फार झालें. घरीं जाऊं आतां. पोदुम.

हरिप्रिया: पुरे कसं? अजून उत्तर आलं नाही. मामी?

चंद्रिका: पाप्पाला.

सावनी: कुठल्या पाप्पाला?

चंद्रिका: आपल्या. कमूला. नखावर मावेल एवढें, सावनी. जास्ती नाहीं.

सावनी: कधीपासून?

चंद्रिका: पोंगल झाला ना, तेव्हांपासून.

सावनी: सात महिने? माझ्या पाच वर्षांच्या मुलीच्या तोंडाला तुम्ही ते सात महिने फासताय, आणि मला सांगितलं नाहीत?

चंद्रिका: शाळेंत नाटक होतें. तिला मोर व्हायचें होतें. मिसनें मोर त्या गोऱ्या पोरीला दिला आणि हिला कावळा केलें. घरीं येऊन न्हाणींत बसली. भांड्यांचा काथ्या घेतला आणि गाल घासूं लागली. रक्त आलें, तरी घासते. मला पाहवलें नाहीं. मी म्हटलें, ये कन्ना, आज्जीपाशीं ह्याहून चांगलें आहे.

सावनी: मला म्हणाली, ती पडली. आणि तिला कावळाच आवडतो.

चंद्रिका: तुला काय सांगेल ती? रोज सकाळीं आरशापुढें उभी राहून तूंच म्हणतेस, काळवंडले, घाण दिसते. ती दारांत उभी असते. तुला दिसत नाहीं, मला दिसते.

सावनी: मला तुमची किळस येतेय, आई.

चंद्रिका: येऊं दे.

सावनी: माझी त्याहून जास्त येतेय.

हरिप्रिया: ते घरी जाऊन काय ते बोला. मुलीच्या गालावर पांढरट चट्टे दिसतात?

सावनी: दिसतात. मी म्हटलं जंत झालेत. जंताचं औषधही दिलं तिला.

हरिप्रिया: आज संध्याकाळी तिला इथे आणायचं. लहान आहे, बहुतेक भरून येईल. तुम्हा दोघींना वेळ लागेल. मलम थांबलं की आधी चेहरा आणखी बिघडतो. तेव्हा घाबरून परत डबीकडे धावायचं नाही, इकडे फोन करायचा. त्या काळातलं औषध मी लिहून देते, ते एकीचं एकीनेच लावायचं. बाकी तीनच वस्तू. तोंड धुवायला सौम्य क्लेन्झर, वासाचं नसलेलं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन.

सावनी: एवढंच?

हरिप्रिया: एवढंच. तेवीस वस्तूंनी झालं तेवढं पुरे आहे. ही चिठ्ठी माझ्याकडे राहील, मामी.

चंद्रिका: आमचे हे विचारतील.

हरिप्रिया: त्यांना पाठवा माझ्याकडे. घरी आता ट्यूब आहे?

चंद्रिका: एक आहे. माझ्या कपाटांत, साड्यांच्या मागें.

हरिप्रिया: मुलगी कुठेय?

सावनी: घरीच. शाळेला सुट्टी आहे, बाबांजवळ आहे.

हरिप्रिया: मग आत्ता फोन लावा. ट्यूब बाहेर काढायला सांगा. आणि आज तिला लावलंय का, विचारा.

चंद्रिका: आज मी लाविलें नाहीं. इकडे निघायची घाई होती.

सावनी: हॅलो, बाबा. नाही, अजून दवाखान्यातच आहोत. कमूला द्या जरा. कमू? अगं, काही नाही, सहज केला. आज तोंडाला आज्जीचं क्रीम लागलंय का, बाळा? नाही गं, रागावत नाही. कोणी लावून दिलं? बरं. आता आजोबांना सांग, ती ट्यूब काढून घ्या आणि ओल्या फडक्यानं पुसून द्या म्हणून. हळू पुसायचं, घासायचं नाही. हो, येतेच मी.

हरिप्रिया: लावलंय?

सावनी: स्वतःच लावलं. स्टूल ओढून कपाट उघडलं म्हणते.

हरिप्रिया: किती लावलं?

सावनी: थोडंच. म्हणाली, आईला उरायला हवं ना.