चौथी तुळई

— नाही नाही, ती फळी राहू द्या बाई, तिच्यामागं काही नाही. किडा लागला होता, म्हणून ठोकलीय. खाली या ना शिडीवरनं, चहा निवला तुमचा. कौन्सिलनं भिंत बघायला पाठवलंय ना? मग भिंत बघा! या खळ्याच्या कोठाराची, उत्तरेची. ओळंबा सोडून बघा, वरून वीतभर बाहेर गेलीय. का गेली? ट्रॉलीनं. सांगितलं ना मघाशी — माझा धाकटा भाऊ सिरिल, एकाहत्तर सालचा ऑक्टोबर, बीटानं भरलेली ट्रॉली मागं घेताना कोपऱ्याला धडकला. लिहा तेवढं नि सही करा. रेजिनाल्ड थर्टलनं सांगितलं म्हणून लिहा.

हं? कोपरा शाबूत आहे नि पोट मधेच सुटलंय? असेल. भिंतीचं काय सांगावं — माणसाला मार एकीकडं बसतो नि दुखतं भलतीकडं. तसं काही. — हसताय काय? अहो, तीनशे वर्षांची भिंत आहे ती! वीट इथलीच, मागं डबकं आहे ना, त्याच खड्ड्यातली माती. सगळी चुन्यात बसवलेली. हे झरोके बघा, एकेक वीट सोडून केलेले — लोक फोटो काढतात, म्हणतात काय नक्षी! नक्षी कसली, पेंढ्यांना वारा लागावा म्हणून. दारं समोरासमोर का? मधे खळं. दोन्ही दारं उघडायची, दाणा इथं पडणार, भूस तिकडनं शेतात. आत येताना अडखळलात ना, ती दारातली आडवी फळी — मळणीचा दाणा बाहेर उडू नये म्हणून खाचेत बसवायची. आता मळणी कसली, पण बसवतो मी. रोज. सवय. नि तो खांबावरचा काळा डाग मेणबत्तीचा. मुद्दाम दिलेला चटका — आगीला आधीच थोडं दिलं की मोठी आग येत नाही म्हणे. आजीनं दाखवलेला. मी पण... जाऊ द्या.

शुक्रवारी येतोय तो. सिरिल. न्यूझीलंडहून, चव्वेचाळीस वर्षांनी. जागा दोघांच्या नावावर, म्हणून तुमचा रिपोर्ट त्याच्या हातात पडणार, कळतंय का? पहिल्या पानावर कारण असणार. म्हणून म्हणतो, ट्रॉली लिहा. तुमचं काय जातं? त्याला काही नवीन नाही ते! बाबांनी ओळंबा लावला, भिंतीकडं बघितलं, सिरिलकडं बघितलं — "माझ्या बापजाद्यांचं खळं मोडलंस, तोंड दाखवू नकोस." नि तो बैल काय म्हणाला माहितीय? "माझंच चुकलं बाबा." त्यालाही खरंच वाटलं! अजून वाटतं. दर नाताळाला पत्रात विचारतो, भिंत कशी आहे रेज? मी लिहितो, आहे तशीच आहे.

— अहो, ती फळी काढू नका! बाई! हात जोडतो... —

काढलीत.

बघा मग. नीट बघा. किडा असा सरळ खातो होय? करवत आहे ती. माझी. त्याच हंगामात नवं हार्वेस्टर आणलं होतं, पावसात भिजत होतं, नि वरचं धुराडं या चौथ्या तुळईला अडत होतं — चार बोटं, फक्त चार बोटं! बाबा म्हणाले होते, त्या लाकडाला करवत लावायची नाही, यंत्र भिजलं तर भिजू दे. शनिवारी ते नॉरिचच्या बाजाराला गेले. मी खालून खाच घेतली. यंत्र आत. खाचेवर डांबर फासलेली फळी ठोकली. बाबांना तसंही कमीच दिसायचं. मला काय ठाऊक, तुळई म्हणजे नुसतं आडवं लाकूड नव्हे, दोन भिंतींचे हात धरून ठेवलेत तिनं? हिवाळ्यात तडकली. छपरानं भिंत ढकलली. मार्चात बाबांनी ओळंबा लावला तेव्हा मी तिथंच उभा होतो, तुमची शिडी टेकलीय तिथं. तोंड उघडायला किती वेळ लागतो? एवढासा. नाही उघडलं. मग सिरिल बोटीवर चढला, मग बाबा गेले — आणि मग कुणाला सांगू? खळ्याला?

लिहू नका, पोरी. पाया पडतो. नाही — लिही. थांब, असं लिही: तुळई कापली, रेजिनाल्ड थर्टल, स्वतःच्या हातानं. धाकट्याचा काही संबंध नाही. हे शेवटचं मोठ्या अक्षरात लिही, त्याला चष्मा लागला असेल आता.

झालं? मग अशा बघत काय उभ्या राहिलात? शिडी राहू द्या. ती फळीही तशीच राहू द्या, नाही ठोकत मी परत. जा. दारात पाय उचलून टाका, सगळे अडखळतात तिथं. सिरिल कधी अडखळला नाही.

जा म्हटलं ना!