नातं : भाडेकरू

भाडेकरू? नाही हो साहेब, परत वाचा, तुमचा काहीतरी घोळ होतोय. वरच्या मजल्यावर एक नर्स राहते भाड्यानं, तिचा कागद तुमच्या हातात आला असेल — हो, नाव आमच्याच पोरीचं आहे, ऐकलं मी, कॉलेज तेच, वर्ष तेच, पत्ताही आमचाच. पण ‘घरातील व्यक्तीशी नाते’ या रकान्यात भाडेकरू कसं असेल? भाची लिहिलेलं असणार. अक्षर गिचमिड आहे तिचं, आणि भाची काय, भाडेकरू काय, सुरुवात सारखीच की. आणा इकडे. चष्मा कुठे ठेवला मी — कपाळावर, बरं. तुम्ही बसा ना, ते कोटाचे तुकडे सरकवा, जपून, टाचण्या आहेत त्यात.

हं. भाडेकरू. चांगलं सुवाच्य काढलंय की. एवढं सुवाच्य कार्टी परीक्षेतसुद्धा काढत नाही.

आणि खाली ही — हो, सही माझीच आहे. आता आठवलं. लग्नाच्या कोटाची घाई होती, तोंडात टाचण्या होत्या माझ्या, सातआठ तरी. ही आली, कागद मशीनवर ठेवला, म्हणाली, माऊ, इथं सही कर, कॉलेजचं आहे. तोंडात टाचण्या असल्यावर माणूस विचारणार काय? केली. आत्ता बघते तर सहीखाली छापलंय ‘घरमालक’. म्हणजे तिनं वेळ बघून आणला होता कागद! मी बोलू शकणार नाही अशी वेळ. चौदा वर्षं घरात वावरल्याशिवाय कळतं का हो असलं कुणाला? भाडेकरूला कळतं?

नाही, आता तुम्ही आलाच आहात चौकशीला तर ऐकूनच जा. भाडेकरूच्या डोक्यातल्या उवा काढतं का कुणी? सहा वर्षांची होती. माझी बहीण गेली, आणि आठवडा झाला नाही तोच बाप हिला या दारात सोडून गेला — आठ दिवसांसाठी म्हणे. हातात पिशवी, पिशवीत दोन फ्रॉक आणि एक चप्पल. एकच! दुसरी कुठे गेली देव जाणे. ते आठ दिवस अजून संपायचेत. पुढचे दात पडलेले, मावशी म्हणता यायचं नाही, म्हणून माऊ म्हणायला लागली. दात आले तरी माऊच राहिले मी. फ्रॉक शिवताना चार बोटं दुमड आत सोडायचे, दर वर्षी एकेक बोट उसवून खाली घ्यायचं — फ्रॉकवर त्या जुन्या दुमडीच्या रेघा दिसायच्या, तर वर्गातल्या मुली हसायच्या, आणि ही सांगायची, आमच्याकडे अशीच फॅशन आहे. अशी जिभेची तिखट! आता दगडांचं शिकते, भूगर्भशास्त्र. खिडकीत बघा, सगळे दगड तिचेच, मी कागदी साच्यांवर ठेवते वजनाला, तर ओरडते माझ्यावर, माऊ, तो दगड तीस कोटी वर्षांचा आहे. म्हटलं, मग अजून दोन तास बसला साच्यावर तर काय बिघडलं त्याचं?

पहिल्या वर्षाची फी कुणी भरली, विचारा ना. ओव्हरलॉकचं मशीन विकलं मी. आता कपड्यांच्या कडा हातानं शिवतेय, रोज, डोळे गेले माझे. गोवर आला तेव्हा अकरा दिवस — काय लिहिताय? ‘मावशीचा संपूर्ण आधार’? लिहा, लिहा, खरंच आहे. ठळक लिहा. त्या भाडेकरूवर काट मारा आधी.

बाद? तिचा अनुदानाचा अर्ज बाद म्हणजे?

थांबा, पेन ठेवा खाली. मला नीट समजू द्या, मी काही अडाणी नाही, मापं घेते लोकांची. ती वेगळी भाड्यानं राहत असेल, नात्यातलं कुणी सांभाळत नसेल, तर ती स्वावलंबी. मग फक्त तिचं उत्पन्न बघायचं — दोन शिकवण्या घेते, तेवढंच — आणि अनुदान मिळतं. आणि नात्यातलं कुणी सांभाळत असेल तर ती अवलंबून. बरोबर? आणि अवलंबून म्हटली की उत्पन्न बघायचं ते सांभाळणाऱ्या मावशीचं नाही — बापाचं! ज्यानं चौदा वर्षांत एक पेन्सिल पाठवली नाही, त्याचं! म्हणजे मी तिला जेवू घातलं, म्हणून तिचा बाप श्रीमंत ठरतो. वा रे वा. मी असा उलटा टाका घातला ना साहेब, तर गिऱ्हाईक कपडा तोंडावर फेकेल माझ्या.

आहे तो श्रीमंत, नाही कोण म्हणतंय. फरश्यांची दोन दुकानं आहेत. गेल्या वर्षी गेली होती ना ही, उत्पन्नाच्या दाखल्यावर सही मागायला. दारात उभं केलं, पाणी विचारलं नाही. म्हणाला, पुन्हा येऊ नकोस, घरात विषय निघतो. बाहेर येऊन मला फोन केला तिनं. मी घाबरून विचारतेय, काय झालं, काय म्हणाला, तर म्हणते, माऊ, त्यांचा कुत्रा खूप गोड आहे. तेवढंच बोलली. मग ते अनुदान गेलंच. आता शेवटचं वर्ष आहे, हेही गेलं तर नाव काढून घरी बसायची वेळ आहे. विकायला आता दुसरं मशीन नाही माझ्याकडे. हे एक आहे, त्यावर तर दोघी जगतोय.

काय? काय म्हणालात? — कोर्टाचा?

कोर्टानं मला पालक म्हणून नेमलं असतं तर बापाचं उत्पन्न धरत नाहीत? अजिबात? म्हणजे तो एक कागद असता तर तिला भाचीही लिहिता आलं असतं आणि पैसेही... हा नियम नवा आहे का? — नाही. आधीपासूनच आहे.

नाही, पाणी नको. बसते मी.

एक वकीलबाई राहायच्या हो खालच्या मजल्यावर, त्यांचे काळे कोट मीच शिवायचे. त्या म्हणाल्या होत्या. पोरीसाठी अर्ज टाक, पालक म्हणून नाव लागेल तुझं, फी नको मला, एक कोट शिवून दे. मी म्हटलं, बघू. बघू बघू करत राहून गेलं — नाही. तुमच्याशी खोटं बोलून काय मिळणार मला? राहून गेलं नाही, ठेवलं मी. तेव्हा मला सांगून आलं होतं. घड्याळं दुरुस्त करायचा तो. वाईट नव्हता. म्हणाला, पोरगी घरात राहू दे, माझी ना नाही, पण कागदावर नको. कागद केलास की ती कायमची. मी पस्तिशीला आले होते साहेब, लोकांच्या लग्नाचे कपडे शिवून शिवून. वकीलबाईंना म्हटलं, पुढच्या महिन्यात करू. तो दीड वर्ष होय-नाही करत राहिला आणि दुसरीकडे बोहल्यावर चढून मोकळा झाला. तोवर वकीलबाई घर सोडून गेल्या. मग मीच मनाला सांगितलं, आता कागद हवाय कशाला? आहेच की माझी.

तिला माहीत नाही हे. कधी बोलले नाही मी. — पण आठ वर्षांची होती तेव्हा. दिवसभर या मशीनखाली बसून चिंध्यांशी खेळायची. आणि तो बोलला तो इथंच, तुम्ही बसलाय तिथं बसून. पोरं खेळताना ऐकत नाहीत असं आपल्याला वाटतं, नाही का? कागदावर नको. ऐकलंच असणार तिनं. बारा वर्षं पोटात ठेवलं, एका शब्दानं विचारलं नाही. आणि मी इथं तासभर तिच्या नावानं बोटं मोडतेय, की हिनं मला परकं केलं. काय खोटं लिहिलं हो तिनं? तुमचा कागद विचारतो, ही बाई तुझी कोण? कागदावर कोण होते मी तिची?

खोडा ते. ‘संपूर्ण आधार’ खोडा. साहेब, हात जोडते. मघाशी बोलले ते — मला सवय आहे वाढवून बोलायची, अख्ख्या जिन्याला विचारा. मी घरमालकीण, ती भाडेकरू. खालची सही माझी आहे, शुद्धीवर केलेली, तोंडात काही नसताना केलेली. तुम्हाला कागदच लागतो ना? मग कागदावर जे आहे ते धरा, माझ्या तोंडचं धरू नका. असं बघू नका माझ्याकडे. तुमच्या घरी असेल ना कुणी शिकणारं?

श्श. जिन्यात ऐकलंत? तीच. आज लवकर सुटली वाटतं. आता तुम्ही एक अक्षर बोलू नका, आल्या आल्या ती मला हाक मारेल, त्याच्या आत मलाच —

या! आलात का? हे तुमच्या कॉलेजातून आलेत, पत्त्याची खात्री करायला. मी सांगितलंय त्यांना सगळं. नाही, तुम्ही काही बोलू नका, आधी माझं ऐका — या महिन्याचं भाडं राहिलंय तुमचं. अहो, तुम्हालाच म्हणतेय मी. दारात काय उभ्या राहिलात अशा?

साहेब, झालं ना तुमचं काम? या मग तुम्ही. आम्हा दोघींना जरा बोलायचंय. — भाड्याचंच, दुसरं काय असणार?