हनीफचाचांच्या अकरा स्टिक

हनीफचाचांच्या घरची मंडळी, अध्यक्ष बापूसाहेब आणि मैदानावर जमलेल्या मित्रांनो,

मी या हॉकी संघाचा गोलकीपर. मला बोलता येत नाही, हे चाचांइतकं कोणाला माहीत नव्हतं. लाइनीबाहेरून ओरडायचे, “अबे, गोलकीपरनं आवाज द्यावा लागते! तू तं नवरीवानी चूप बसून राहिला!” आज आवाज द्यायला उभा आहे. निघेल तेवढा ऐकून घ्या.

परवा आपण आपल्या कोचला माती दिली.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो. आपल्या मूर्तिजापूरच्या संघात नावं वाचून दाखवत नसत. सामन्याआधी चाचा लाइनीजवळ पोरांसमोर अकरा स्टिक मांडायचे. ज्याच्यासमोर ठेवली, त्याने उचलायची. बघणाऱ्या कोणीही विचारावं, “याले काहून घेतलं?” चाचांनी त्या पोरासमोरच उत्तर द्यायचं. पळायला हळू असलेल्या सलीमच्या वेळी कोणी म्हणालं, “चाचा, हा पयते का चरते?” चाचा म्हणाले, “चरते. पन बॉल सोडून चरत नाई.” सलीमसुद्धा हसला होता.

मग कपाशीची वाईट वर्षं आली. पोरं पुण्याला गेली, सुरतला गेली. सलीम तिकडे वॉचमन झाला. आपण हरू लागलो. टपरीवर, स्टेशनवर, देवळाबाहेर, मशिदीबाहेर एकच वाद. कोणी म्हणे कोच म्हातारा झाला. कोणी म्हणे मंडळाला खेळाडूची पारख नाही. बापूसाहेबांनी अमरावतीहून चार खेळाडू आणले. चांगले होते. आपण अकोल्याची स्पर्धा जिंकलो. चाचांनी त्यांच्यासमोरही स्टिक ठेवल्या, मुकाट्याने. पुढच्या वर्षी ते चौघे आले नाहीत. ज्या आपल्या पोरांच्या जागा त्यांना दिल्या होत्या, तीही आली नाहीत.

शेवटचा सामना दर्यापूरशी. चाचांनी अकरा स्टिक मांडल्या. पोरं आठच आली होती, आठ उचलल्या गेल्या. तीन तशाच पडून. बापूसाहेब म्हणाले, “चाचा, या पोरांत दम नाई. टीम बंद करू.” चाचा म्हणाले, “चांगले का वाईट, ते मंग पाहू. पयले पोरं तं आना.”

 

सामना हरलो. या वयात गोलमध्ये मीच होतो. दुसऱ्या दिवशी चाचांनी माझी पॅडं त्यांच्या गादीच्या दुकानात नेली. नवा कापूस भरला. “पुढच्या खेपेले लागतीन,” म्हणाले. पॅडं अजून तिथेच आहेत.

बापूसाहेबांनी मघाशी मला सांगितलं, “संघ चालू राहील, एवढं बोल.” बापूसाहेब, ते माझ्याने बोलवत नाही. परवा मातीसाठी आलेले सगळे आज इथे आहेत. सलीम आला आहे. पुरा संघ उभा आहे, बदली खेळाडूंसकट. रात्रीच्या गाडीने सगळे परत जातील. चाचा असते, तर कोणाला घ्यावं आणि कोणाला बसवावं, यावर आज मोठा वाद झाला असता. इतकी वर्षं त्यांना दुसरं काय हवं होतं?

ते जिथे उभे राहायचे, तिथे मी अकरा स्टिक मांडल्या आहेत. आता दोन मिनिटं शांत उभे राहू. याले काहून घेतलं, असं आज कोणी विचारू नका. उत्तर देणारा माणूस नाही. आणि नंतरही त्या उचलू नका. राहू द्या.

चाचा, सलाम. आवाज एवढाच निघाला.